उकिडवे बसण्याचे व्याकरण

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांत ‘टेक्निकल ॲनिमेटर’ नावाचे एक पद असते. पुण्यातल्या एका स्टुडिओत आम्ही तिघे गेली काही वर्षे हे काम करत आहोत. या लेखातले ‘आम्ही’ आदरार्थी नाही की संपादकीयही नाही. या कामात कोणती गोष्ट कोणी एकट्याने केली हे सांगणेच अवघड असते, म्हणून ते तसे आले आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे या धंद्याविषयी लिहावेसे वाटले त्याचे कारण भाषेत आहे. हालचालींना व्याकरण असते. ते कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. आणि त्यात जे बसत नाही त्याची नोंद पुढे ‘दोष’ म्हणून होते, हा अनुभव आम्हाला संगणकाच्या पडद्यावर आला. भाषेच्या विद्यार्थ्यांना तो अगदीच परका वाटू नये.

कामाची विभागणी आधी सांगायला हवी. गेममधले पात्र चालते, पळते, उडी मारते. त्या एकेका हालचालीचा डौल ॲनिमेटर घडवतो. बटण दाबल्यावर कोणती हालचाल केव्हा सुरू व्हावी हे डिझायनर आणि प्रोग्रॅमर ठरवतात. या दोघांच्या मधली जागा आमची. पात्राच्या आत सांगाडा बसवायचा, त्यावर कातडे नीट बसते की नाही ते पाहायचे, आणि ॲनिमेटरने केलेल्या सुट्या हालचाली खेळणाऱ्याच्या बोटांच्या लहरीप्रमाणे एकमेकींना जोडल्या जातील अशी व्यवस्था लावून द्यायची. काम चांगले झाले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. बिघडले की मात्र सर्वांना दिसते: पाऊल जमिनीत रुतते, कोपर उलटे वळते, दारातून जाताना खांदा चौकटीतून आरपार निघतो.

आमचा सांगाडा म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या सांध्यांची उतरंड. कमरेच्या सांध्याला कणा आणि मांड्या, कण्याला खांदे, खांद्याला दंड, असे करत ती बोटांच्या पेरांपर्यंत जाते. वरचा सांधा फिरला की खालचे सगळे त्याच्यामागे फिरतात. हात हलवायला ही रीत पुरते, जिना चढायला पुरत नाही. तेथे पाऊल नेमके पायरीवर टेकायला हवे, म्हणून हिशेब उलटा मांडावा लागतो: पाऊल कोठे पडणार ते आधी ठरवायचे आणि गुडघा किती वाकेल ते मागाहून काढायचे. मग येते कातडे. पात्राचा पृष्ठभाग हजारो बिंदूंचा असतो. त्यातल्या प्रत्येक बिंदूवर कोणत्या हाडाचा किती अधिकार, हे आम्ही अपूर्णांकांत लिहून ठेवतो. गुडघ्यावरच्या एखाद्या बिंदूवर मांडीच्या हाडाचा अर्धा हक्क आणि पोटरीच्या हाडाचा अर्धा. एका बिंदूवर बहुधा चारपेक्षा जास्त हाडांना हक्क देत नाहीत, कारण हा सारा हिशेब दर चौकटीला नव्याने करायचा असतो. ॲनिमेशनपटातली एक चौकट तयार व्हायला तासन्‌तास लागले तरी चालते. सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या गेमला एका चौकटीसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात प्रकाश, आवाज, शत्रूचे डावपेच आणि आमचे गुडघे असे सगळेच उरकायचे असते.

उरते ते जोडकाम. ‘पद’ म्हणजे पाऊल आणि ‘पद’ म्हणजे वाक्यात वापरलेला शब्द, हे वाचकांना सांगायला नको. ॲनिमेटर आम्हाला सुटी पदे देतो: उभे राहणे, चालणे, पळणे, थांबणे. त्यांचे वाक्य व्हायचे तर कोणत्या पदानंतर कोणते येऊ शकते आणि दोहोंचा संधी कसा व्हावा याचे नियम लागतात. उजवा पाय हवेत असताना पळणे थांबले तर शरीर कसे सावरेल? असे शेकडो नियम आम्ही लिहितो. २०१७ साली आलेल्या ‘फॉर ऑनर’ या गेमपासून आणखी एक रीत पुढे आली. तिच्यात नियम कमी असतात. नोंदवून ठेवलेल्या लांबलचक हालचालींमधून, या क्षणाला सर्वांत जुळणारा तुकडा संगणक सेकंदातून अनेकदा शोधत राहतो. मात्र नियम असोत वा शोध, दोन्ही रीती साठ्यावर उभ्या आहेत. साठ्यात जे नाही ते पात्राला करता येत नाही.

या साठ्याला स्वभावही असतो. डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या १९८१ च्या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वे मांडली. त्यांपैकी एक असे, की मोठ्या हालचालीपूर्वी शरीर तिची तयारी करते. उडीआधी गुडघे वाकतात, फेकण्याआधी हात मागे जातो. गेममध्ये या तत्त्वाची फार कुचंबणा होते. बटण दाबल्याबरोबर उडी झाली नाही तर खेळणाऱ्याला पात्र जड वाटते, म्हणून तयारीला कात्री लागते. परिणामी आमच्या साठ्यातली शरीरे सदैव सज्ज असतात. दमलेले, अवघडलेले, उठायला वेळ घेणारे शरीर त्यात क्वचितच सापडते.

काही वर्षांपूर्वी एका परदेशी प्रकाशकासाठी चाललेल्या गेममध्ये भारतीय शहरातल्या बाजाराचा प्रसंग होता. चित्रकाराने रेखाटलेल्या बाजारात एक भाजीवाली होती. जमिनीवर गोणपाट, त्यावर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, आणि मागे उकिडवी बसून जुड्यांवर पाणी शिंपडणारी बाई. चित्र पाहून आम्हाला त्यात विशेष काही वाटले नाही. मंडईच्या बाहेर रोज दिसणारी ती बैठक. सांगाडा मात्र प्रकाशकाकडून तयार आला होता आणि गर्दीतल्या सगळ्या पात्रांना तोच वापरायचा असा दंडक होता. सोबत हालचालींचा साठाही आला होता. त्यात बसण्याचे प्रकार दोन: खुर्चीवर बसणे आणि जमिनीवर बसणे. दुसऱ्याचा अर्थ असा, की पाय समोर लांब करायचे, हात मागे टेकायचे आणि सहलीला आल्यासारखे बसायचे.

त्या दिवशी दुपारच्या चहाला आम्ही मराठीतल्या बसण्याच्या तऱ्हा कागदावर मांडल्या. मांडी घालून, उकिडवे, फतकल मारून, पाय दुमडून एका अंगाला, एक गुडघा उभा करून, पाटावर, उंबरठ्यावर, नुसते टेकून. यातल्या प्रत्येकीत वय आहे, नाते आहे, प्रसंग आहे. साहेबापुढे खुर्चीच्या कडेला टेकलेला माणूस आणि स्वतःच्या ओसरीवर फतकल मारून बसलेली म्हातारी यांच्याविषयी कथाकाराला आणखी काही सांगावे लागत नाही. एक शब्द पुरतो. भरताच्या नाट्यशास्त्रात कोणत्या पात्राने कसे चालावे याचा एक स्वतंत्र अध्याय आहे, ‘गतिप्रचार’ नावाचा. म्हणजे चालीवरून पात्र ओळखू येते ही जाण आपल्याकडे जुनीच आहे. आमच्यापुढच्या साठ्यात बसण्यासाठी दोन शब्द होते, आणि त्यांतला एकही त्या भाजीवालीचा नव्हता.

ॲनिमेटरने ती बैठक नव्याने करायला घेतली आणि सांगाड्याने दाद दिली नाही. उकिडवे बसताना गुडघा जवळजवळ पूर्ण मिटतो, पोटरी मांडीला चिकटते, पोट मांड्यांवर टेकते. हा सांगाडा चालण्या-पळण्याच्या बेताने अपूर्णांक लावून तयार केलेला. गुडघा तेवढा मिटला की कातडे आत ओढले जाई आणि पोटरी मांडीतून पलीकडे निघे. नायकाच्या बाबतीत असे झाले तर गुडघ्यापाशी जास्तीची मदतनीस हाडे बसवता येतात. गर्दीतल्या पात्रांना हाडेसुद्धा मोजून मिळतात. त्यातून साडी. कापडाचे खरेखुरे गणित करायला गर्दीसाठी वेळ नसतो, म्हणून साडीही हाडांनाच बांधलेली होती, आणि ती बांधताना पाय विजारीतले धरले होते. दोन गुडघ्यांच्या मध्ये साडी डफाच्या कातड्यासारखी ताणली जाऊ लागली. निऱ्यांसाठी आम्ही दोन हाडे मागून घेतली, त्यांच्या बदल्यात हातांच्या बोटांची हाडे सोडली, आणि आठवड्याभराने ती बाई बसली.

बसली, पण तिला उठवायचे कसे? बाजारात मारामारी सुरू झाली की गर्दीने पळायचे होते. उभ्याचे पळणे साठ्यात होते, खुर्चीवरून उठून पळणेही होते. पन्नाशीची बाई उकिडव्या बैठकीतून उठते तेव्हा आधी पुढे झुकते, एक हात गुडघ्यावर रेटते, कंबर आधी वर येते, पाठ मागाहून सरळ होते, आणि मग दुसरा हात पदराकडे जातो. याला दोन सेकंद तरी लागतात. डिझायनरला ते अर्ध्या सेकंदात हवे होते. खेळणाऱ्याचे लक्ष मारामारीकडे असताना गर्दीतल्या एका बाईवर दोन सेकंद का घालवावेत, हा त्यांचा प्रश्न त्यांच्या जागी रास्तच होता.

पहिली आवृत्ती तपासणीला गेली आणि परदेशातल्या तपासनिसाकडून दोषनोंद आली. बाजारातल्या स्त्री-पात्राची कंबर जमिनीजवळ घसरली आहे, उभी मुद्रा मोडली आहे, दुरुस्ती करावी, तीव्रता मध्यम. नोंदीत थट्टेचा सूर मुळीच नव्हता. त्या माणसाने आपले काम चोखपणे केले होते. त्याच्यापुढे जे शरीर होते ते त्याच्या माहितीतल्या कोणत्याच बैठकीशी जुळत नव्हते, तेव्हा ते उभे राहताना मोडले असणार, असा तर्क त्याने केला. आम्ही मंडईतली दहा छायाचित्रे जोडून उत्तर पाठवले आणि नोंद मागे घेतली गेली. तरी ‘दोष’ हा शब्द आमच्या बोलण्यात बरेच दिवस राहिला. बोलीतले रूप प्रमाणभाषेत अशुद्ध ठरते तेव्हा तपासणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. त्याच्या हातातल्या पुस्तकात ते रूप नसते, एवढेच.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९३४ साली पॅरिसमध्ये ‘शरीराची तंत्रे’ या विषयावर एक व्याख्यान दिले होते. चालणे, पोहणे, झोपणे, बसणे या गोष्टी निसर्गदत्त वाटल्या तरी समाज त्या शिकवत असतो, हे त्याचे प्रतिपादन. त्यात त्याने पहिल्या महायुद्धातली एक आठवण सांगितली आहे. मुक्कामाच्या जागी चिखल-पाणी असले तरी त्याच्याबरोबरचे ऑस्ट्रेलियन सैनिक टाचांवर बसून विसावा घेत; मॉसला ते जमत नसे, तो ताटकळत उभा राही. लहान मूल सहज उकिडवे बसते आणि आपण मोठे होताना ते विसरतो, ही त्याच्या मते मोठी चूक होती. दुसरी आठवण न्यूयॉर्कच्या इस्पितळातली. तेथील परिचारिकांची चाल कोठेतरी पाहिल्यासारखी वाटली. विचार करता कळले, की ती सिनेमातली. पुढे पॅरिसला परतल्यावर तेथील मुलीही तशाच चालताना त्याला आढळल्या. पडद्यावरची चाल समुद्र ओलांडून लोकांच्या पायांत उतरते, हे त्याने नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. आज तासन्‌तास हातात खेळवली जाणारी पात्रे घरोघर आहेत. त्यांच्या साठ्यात कोणाचे चालणे-बसणे आहे हा प्रश्न म्हणूनच किरकोळ राहत नाही.

‘खर्च परवडत नाही’ हे उत्तर या धंद्यात नेहमी मिळते, आणि ते नेहमीच खोटे नसते. परंतु ते तपासून पाहायला हवे. २०१४ साली ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या गेममध्ये चौघांनी मिळून खेळताना स्त्री-पात्र का निवडता येत नाही असा प्रश्न उठला, तेव्हा त्यासाठी लागणाऱ्या जादा ॲनिमेशनचे आणि पोशाखांचे कारण पुढे करण्यात आले. त्याच मालिकेतल्या तिसऱ्या गेमवर काम केलेला ॲनिमेटर जोनाथन कूपर याने जाहीरपणे वेगळा अंदाज दिला: काम एक-दोन दिवसांचे आहे. हालचाली मुळातच एका सांगाड्यावरून दुसऱ्यावर नेता येतात, आणि २०१२ च्या ‘लिबरेशन’मध्ये याच मालिकेची नायिका स्त्री होती. पुढच्या वर्षीच्या ‘सिंडिकेट’मध्ये एव्ही फ्राय ही नायकाच्या जोडीने आली. या वादातून आम्ही एवढेच घेतले, की ‘सांगाड्याला जमत नाही’ असे कोणी म्हटले तर सांगाडा उघडून बघावा.

आम्ही बघायचे ठरवले. आमच्यातल्या एकाच्या मावशी तीस वर्षे भाजी विकतात. एका रविवारी त्यांना स्टुडिओत बोलावले, दिवसाचे मानधन ठरवले आणि संवेदक लावलेला पोशाख त्यांच्या नेहमीच्या साडीखाली घालायला दिला. “बसायचंच आहे ना? मग एवढं काय बांधताय?” असे म्हणत त्या बसल्या, आणि बोलत बोलत पाऊण तास तशाच बसून राहिल्या. तुलनेसाठी आम्हीही बसून पाहिले. आमच्यातल्या एकाच्या टाचा जमिनीला टेकेनात, दुसऱ्याला दोन मिनिटांत आधार लागला. पंधरा वर्षे खुर्चीत बसून काम केल्यावर आणखी काय होणार! तोवर ही गोष्ट परदेशी तपासनीस विरुद्ध आपण अशी सोपी वाटत होती. त्या रविवारी तिचे रूप बदलले. ती बैठक ‘भारतीय’ म्हणून आमच्या मालकीची नव्हती. ती जमिनीवर पसरा मांडून पोट भरणाऱ्यांची होती, आणि आम्ही तिला पुस्तकातल्या शब्दासारखे ओळखत होतो, वापरत नव्हतो.

गेममध्ये भाजीवाली अर्धीच टिकली. मारामारी जेथवर पोहोचत नाही अशा देवळाच्या भिंतीपाशी एक उकिडवी राहिली. चौकातल्या दोघींना लाकडी खोक्यांवर बसवले गेले. खुर्चीवरून उठून पळण्याची हालचाल जरा खाली आणली की काम भागत होते. खोक्यावर बसणाऱ्या भाजीवाल्याही असतात, तेव्हा दृश्य खोटे झाले असे म्हणता येणार नाही. मात्र तो निर्णय बाजाराकडे बघून झाला नव्हता.

मावशींच्या नोंदीचे पुढे जे झाले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. एकदा साठ्यात आलेली हालचाल कोणत्याही शरीरावर चढवता येते. गुडघ्यावर हात रेटून उठण्याची त्यांची लकब दुसऱ्या एका प्रसंगात, शेकोटीजवळ बसलेल्या जखमी शिपायाला दिली गेली आणि त्याला ती शोभलीही. जॉर्डन मेकनर याने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तला राजपुत्र रेखाटला. त्या राजपुत्राच्या उड्या एका न्यूयॉर्कच्या मुलाच्या होत्या हे आज अनेकांना ठाऊक आहे, कारण मेकनरने ते आवर्जून सांगितले. मावशींचे नाव श्रेयनामावलीत यावे म्हणून आम्हाला बरीच पत्रे लिहावी लागली. शेवटी ते ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली आले. शिपायाच्या उठण्यात त्या आहेत याची नोंद कोठेही नाही.

हा प्रश्न आता आमच्या टेबलापुरता राहिलेला नाही. अमेरिकेतल्या सॅग-आफ्ट्रा या कलावंत संघटनेने जुलै २०२४ मध्ये व्हिडिओ गेम कंपन्यांविरुद्ध संप पुकारला आणि तो जवळजवळ अकरा महिने चालला. कृत्रिम बुद्धिमत्तेपासून संरक्षण हा त्यातला कळीचा मुद्दा होता, आणि आवाज देणाऱ्यांइतकाच तो हालचाली देणाऱ्यांचाही होता. ज्याच्या शरीराची नोंद घेतली त्याला न विचारता त्यातून नवे ‘अभिनय’ निपजवता कामा नयेत, ही त्यांची मागणी. २०२५ च्या करारात संमतीच्या आणि मोबदल्याच्या अटी आल्या. हालचाली निर्माण करणारी नवी यंत्रे अखेर जुन्या साठ्यांवरच शिकतात. ज्या बैठका तेथे नव्हत्या त्या यंत्रालाही सुचणार नाहीत, किंवा सुचल्या तरी दोष म्हणून गाळल्या जातील. आणि ज्या आहेत त्या कोणाच्या गुडघ्यांतून आल्या, हे तिऱ्हाइताला कधी कळणार नाही.

या सगळ्याला आमच्याकडे मोठे उत्तर नाही. चहाच्या वेळी केलेली ती यादी आम्ही जपून ठेवली आहे आणि सवड मिळेल तशी तिच्यातली एकेक नोंद पुरी करतो. प्रत्येक नोंदीसोबत आता एक लहानशी टीप ठेवतो: कोणी बसून दाखवले, काय काम करणारी व्यक्ती, मोबदला किती, आणि ही हालचाल पुढे कोणकोणत्या पात्रांना दिली. स्टुडिओच्या साठ्यात बसण्याचे प्रकार सध्या सहा झाले आहेत. मांडी सर्वांत सोपी गेली, पाटावरून उठणे सर्वांत अवघड. फतकल अजून राहिली आहे. तिच्यासाठी मावशींनी आपल्या शेजारच्या आजींना विचारून ठेवले आहे. आजींचे म्हणणे एवढेच, की पोशाख घातल्यावर आपल्याला कोणी उभे राहायला सांगू नये.